जास्तीची गादी

१

बाबांना पहिली सुई टोचली गेली तेव्हा मी तिथे नव्हते. महाविद्यालयात प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या, आणि एकमेकांचा रक्तदाब चुकीचा मोजणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर मी बसले होते. ती शेवटची गादी कोणी अंथरली आणि कोणाच्या सांगण्यावरून अंथरली, हेही मी पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनी मला निरनिराळ्या हकिगती सांगितल्या, आणि प्रत्येक जण आपलीच खरी असल्याचं हसत हसत सांगत होता. म्हणून त्यांपैकी एकही मी पुरावा म्हणून इथे मांडणार नाही. जे मी स्वतः पाहिलं, ऐकलं आणि बोटांनी तपासलं, तेवढंच लिहिते.

मी रागात लिहीत आहे. रागावलेल्या माणसाचं निरीक्षण चुकीचंच असतं, असं मला शिकवलेल्या कोणत्याही शास्त्रात म्हटलेलं नाही.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. ॲक्युपंक्चरच्या सुईनं काही वेदना काही काळ कमी वाटू शकतात, हे मी नाकारत नाही. कातडीत मुळीच न शिरणाऱ्या खोट्या सुईनंही पुष्कळदा जवळपास तेवढाच आराम पडतो, हेही मला ठाऊक आहे. एवढ्यावर हा विषय संपायला हवा होता. गुडघेदुखी, पित्त, झोप न लागणं या काही भयकथा लिहाव्यात अशा गोष्टी नव्हेत.

२

माझे वडील यशवंतराव उरला या औद्योगिक वसाहतीतल्या, सळया बनवणाऱ्या एका रोलिंग मिलमधून फोरमन म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यावरही मिलजवळच्या बीरगावचं घर सोडायला ते तयार नव्हते. मी आणि पराग, म्हणजे माझा नवरा, शहरातल्या चौबे कॉलोनीत राहतो. राज्याचं मंत्रालय शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत हललं तेव्हापासून पराग रोज बसनं तिकडे जातो. बाबांना आमच्याकडे या म्हटलं की ते म्हणायचे, "तुमच्या घरात खिडकी उघडली का शेजाऱ्याचं सैपाकघर दिसते. इथं निदान चिमणीचा धूर तरी दिसते."

बाबा कुरकुरायचे. हा त्यांचा दोष नव्हता, ती त्यांची बोलण्याची रीत होती. वरण पातळ आहे, पाण्याला लोखंडाची चव आहे, सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी काळी भुकटी बसते, गुडघ्यात कोणी खिळा ठोकून राहिलं आहे, असं सगळं एका दमात.

"काहून वो कौमे, फोन नाई केला? मेलो समजली काय?"

"काल तर केला होता, बाबा."

"काल! काल गुडघा येवढा नोता दुखून राह्यला."

परागला ते सोडत नसत. "जवाईबापू, तुमच्या त्या नव्या राजधानीत माणसं राह्यतात, का नुसते दिव्याचे खांबच उभे हायेत?" पराग हसून म्हणायचा, "सध्या खांबच आहेत बाबा, माणसं मागवली आहेत."

बाबांच्या नाडीत एक दोष आहे. नियमित चालता चालता ती मधूनच एक ठोका गाळते, क्षणभर थांबते, आणि पुढचा ठोका जोरानं देते. धोका नाही, हृदयतज्ज्ञांनी तपासून तसं सांगितलं होतं. नाडी पाहायला मी बाबांच्याच मनगटावर शिकले. पहिल्या वर्षाला असताना तासन् तास त्यांचा हात धरून बसायची, आणि ते म्हणायचे, "सोड आता, पोट्टे, हात हाये का मीटर." त्यामुळे ती थांबण्याची जागा मला पाठ आहे. दाराबाहेर चालणाऱ्या माणसाची चाल ओळखावी, तशी मी ती ओळखते.

३

सुयांचं बाबांनी मला स्वतः सांगितलं नाही. त्यांच्या शेजारच्या गोदावरीबाईंनी सांगितलं. बीरगावात आपल्याकडच्या मंडळींचं एक समाजगृह आहे. विदर्भातून इकडे हिंदी मुलखात मिलमध्ये, रेल्वेत, कचेऱ्यांत आलेल्या लोकांनी वर्गणीतून बांधलेलं, पत्र्याच्या छपराचं, लांबट. तिथे नरहरभाऊ दुपारी सुया टोचू लागले होते.

नरहरभाऊंना मी लहानपणापासून पाहत आले. समाजगृहातल्या प्रत्येक पंगतीत वाढपाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असायची. धोतराचा काचा मारून, हातात पळी घेऊन, कोणाच्या पानात काय संपलं हे न पाहता ओळखणारा माणूस. नागपूरला जाऊन त्यांनी कसलासा अभ्यासक्रम केला आणि आता ते नाडी धरून सुया लावत होते. ऐकूनच माझं डोकं तापलं. सुया निर्जंतुक असतात का, हा माझा पहिला प्रश्न होता. असतात, तेवढं त्यांनी शिकून घेतलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी मी डबा घेऊन बाबांकडे गेले. वरण मुद्दाम घट्ट केलं होतं, तरी ते पातळ असल्याचं ऐकायची माझी तयारी होती. बाबा जेवले. पान स्वच्छ करून उठले, आधाराला हात न लावता दोन पायऱ्या भराभर उतरून अंगणात गेले, आणि हात धुता धुता म्हणाले, "वरण चांगलं झालं होतं."

मी भांडी गोळा करत होते. ती तशीच हातात राहिली.

"गुडघा?" मी विचारलं.

"नाई दुखत."

"पाणी कसं येतंय सध्या?"

"चांगलं येते."

घरी येऊन मी परागला सांगितलं तेव्हा तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "छान की. तुला आता ते रागवत नाहीत याचा राग आलाय का?" हे वाक्य विनोद म्हणून बोललं गेलं होतं. मला ते विनोद म्हणून घेता आलं नाही. पुढच्या भेटीत मी बाबांचं मनगट धरलं. खूप वेळ धरलं. ते हात सोड म्हणाले नाहीत. आणि नाडी एकही ठोका न गाळता, शाळेच्या तक्त्यावर काढतात तशी, सरळ चालत होती.

असा दोष आपोआप जाऊ शकतो. चहा कमी केला, झोप लागली, तर जाऊ शकतो. हे मी स्वतःला पाठ्यपुस्तकाच्या भाषेत सांगितलं.

४

सुया लावताना पाहायला समाजगृहात मी पहिल्यांदा गेले ती दुपार थंडीतली होती. पत्र्यावर ऊन होतं, आत सावली. दारातून आत जाताच प्रथम लक्षात आली ती शांतता. एवढी माणसं एकत्र, आणि आपल्या माणसांची, तरी कोणीही बोलत नव्हतं.

भिंतीलगत एका ओळीत गाद्या अंथरल्या होत्या, लग्नाच्या पंगतीसाठी सतरंज्या पसरतात तशा. प्रत्येक गादीवर एक माणूस उताणा, बाह्या वर, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. नरहरभाऊ ओळीतून फिरत होते. एका माणसाचं पूर्ण करून दुसऱ्याकडे जाणं अशी त्यांची पद्धत नव्हती. आधी सगळ्यांच्या डाव्या हाताला, मग सगळ्यांच्या उजव्या, मग पायांना. पंगतीत आधी सगळ्यांना मीठ, मग लिंबू, मग चटणी वाढत जातात तसं. आणि पंगतीचाच नियम: सगळ्यांचं होईपर्यंत कोणीही मधून उठायचं नाही.

बाबा ओळीच्या शेवटी होते. शेवटून दुसरे. कारण त्यांच्या पलीकडे आणखी एक गादी होती. स्वच्छ चादर, उशी, आणि माणूस नाही.

नरहरभाऊ तिच्याजवळ आले, गुडघ्यांवर बसले, आणि तिथे हात असता तर जिथे असता, तिथे त्यांनी चादरीत सुई उभी केली. बोटांनी फिरवून, हलकेच, जसं ते बाकी सगळ्यांना करत होते. मग दुसरी.

मी त्यांना व्हरांड्यात बोलावलं.

"नरहरभाऊ, ही काय थट्टा आहे? माणूस नसलेल्या गादीला सुया टोचता?"

"थट्टा नाई, ताई. आमच्या घरची रीत हाये. पंगत बसली का टोकाले एक पान जास्तीचं मांडायचं. येणाऱ्याचं. माया बापानंबी मांडलं, मीबी मांडतो."

"ते जेवणाचं पान झालं. हा उपचार आहे."

"वाढा तर सगळ्याइलेच लागते. पान मांडलं अन् वाढलं नाई, असं होते काय?"

"आणि येणारा आला नाही तर?"

नरहरभाऊंनी खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले. "मांडलेलं पान रिकामं नाई राह्यत, ताई. येते."

"कोण येतं?"

"थे पुसत नसते. पानावर बसलेल्याले कोणी नाव-गाव पुसते काय?"

या माणसाला मारावं असं मला वाटलं. असं वाटण्याची मला सवय नाही.

आतून गोदावरीबाईंचा आवाज आला. सुया काढून झाल्या होत्या आणि ओळ एकदम उठत होती. "कौमुदी, तू बी लाव ना वो सुया. मी तर येवढी हलकी झाली, का वाऱ्यानं उडून जाईन. डोकं दुखाचं माहं, आठवते? आता डोकं होतं हेच इसरून गेली." त्या हसत होत्या. ओळीतले सगळेच हसत होते, एकाच मापाचं, गुळगुळीत.

५

दुसऱ्यांदा गेले ती शेवटची गादी पाहण्यासाठी. लाकडी खुर्ची घेऊन तिच्या पायथ्याशी बसले. नरहरभाऊंनी हरकत घेतली नाही.

चादरीत उभ्या सुया थरथरत होत्या.

याची कारणं मी लगेच मोजली. उरल्याच्या मिल जवळ आहेत. हमरस्त्यावरून कोळशाचे आणि सळयांचे ट्रक जातात. पत्रा तापल्यामुळे पंखा चालू होता. मी पंखा बंद करायला लावला, थरथर तशीच. पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला मी गादीशेजारी फरशीवर ठेवला. पाण्यावर तरंग नव्हता. ट्रक गेला तेव्हा तरंग उठला, विरला. सुयांनी ट्रकची दखल घेतली नाही.

धमनीजवळ टोचलेली सुई नाडीबरोबर हलते. यात नवल काही नाही. जिवंत माणसाच्या मनगटात ती हलायलाच हवी. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या मनगटातली सुई हलत होती, सरळ, एकसारखी. मी खुर्ची पुढे ओढून त्यांच्या दुसऱ्या मनगटावर बोटं ठेवली, आणि पाहत राहिले ते पलीकडच्या गादीकडे.

तिथली सुई हलत होती. हलत होती, हलत होती. मग थांबली. मग जोरानं हलली.

मी बोटं काढली नाहीत. बोटांखाली बाबांची निर्दोष नाडी चालली होती आणि डोळ्यांसमोर त्यांचा जुना दोष. पुन्हा ती थांबण्याची जागा आली. मला ती येण्याआधीच कळली होती.

"बाबा," मी हळूच म्हटलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. ओठांवर ते गुळगुळीत हसू होतं. पण पलीकडच्या उशीवर, मधोमध, कापड किंचित दाबलं गेलं. झोपेत नाव ऐकून एखाद्यानं मान इकडे वळवावी, तेवढंच.

उशीतला कापूस बसतो. कापड आकसतं. मी हेही मोजलं.

६

त्याच आठवड्यात मी न सांगता बीरगावला गेले. बाबांच्या खोलीत आईची खाट नव्हती.

ही खाट काय होती ते सांगायला हवं. आई दवाखान्यात न्यायला वेळेवर गाडी न मिळाल्यामुळे गेली. बोलावलेली गाडी उरल्याच्या फाटकापाशी ट्रकच्या रांगेत अडकली होती, आणि बाबा रस्त्यावर उभे राहून ट्रकवाल्यांवर ओरडत होते. तेव्हापासून ते नीट झोपले नव्हते. आईची खाट त्यांच्या खाटेला लागून तशीच होती. तिच्यावर कोणी बसलं तर ते ओरडायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या त्यांनी घेतल्या नाहीत. "झोप येत नाई म्हून मी काही मरत नाई," म्हणाले होते.

"खाट कुठे गेली?"

"गोदावरीबाईले देल्ली. रिकामी खाट, अडचण होती."

"आईची खाट, बाबा."

"हो ना," ते म्हणाले. आवाजात कसलीही अढी नव्हती. "तुयी माय तर गेली. आता झोप चांगली लागते. नरहरनं त्याच्याबी सुया लावल्या."

मी त्यांच्यासमोर बसले. त्या दिवसाची आठवण करून दिली. फाटक, ट्रक, आईच्या हातातली चुरगळलेली पदराची कड. मी क्रूरपणे, जाणूनबुजून, एकेक तपशील सांगत गेले. ते लक्ष देऊन ऐकत होते, दुसऱ्या कोणाच्या घरातली हकिगत ऐकावी तसं. संपल्यावर म्हणाले, "वाईट झालं." आणि मला चहा विचारला.

वेदना म्हणजे शरीराची नको असलेली वस्तू नव्हे. मी दर वर्षी पहिल्या तासाला हे शिकवते. कोण्या वाढप्याला कोणी अधिकार दिला, की माझ्या वडिलांचं दुःख त्यांच्या पानातून उचलून शेजारच्या पानात वाढावं? आणि ज्यांनी ते वाढू दिलं, ते हसरे, हलके झालेले लोक. आणि मला "छान की" म्हणणारा माझा नवरा. त्या दुपारी मला कोणाचीही क्षमा करावीशी वाटली नाही. आजही वाटत नाही.

७

दुसऱ्याच दिवशी दुपारी मी समाजगृहात शिरले तेव्हा सुया लागून झाल्या होत्या. भैय्यालाल, तिथला झाडलोट करणारा, दारात बसला होता. त्याला ओलांडून मी सरळ ओळीच्या टोकाशी गेले आणि बाबांच्या हातातली पहिली सुई उपसली.

ओळीतल्या कोणीही डोळे उघडले नाहीत.

नरहरभाऊ धावले नाहीत. होते तिथूनच म्हणाले, "ताई, पंगत मोडू नका."

"तुमची पंगत गेली खड्ड्यात."

"सगळ्याइचं होऊ द्या. अजून उठाची वेळ नाई झाली. आता उठवाल तर कोणाले उठवाल, हे तुमाले नाई समजन."

मनगटं झाली, गुडघे झाले. शेवटच्या गादीकडे पाहायचं नाही असं ठरवूनच मी आले होते, पण बाबांच्या घोट्यातली सुई काढायला मला वाकावं लागलं, आणि ती गादी माझ्या डोळ्यांच्या पातळीला आली.

चादरीत खळगा होता. कुशीवर झोपलेल्या माणसाचा: खांद्याचा खोल, कमरेचा त्याहून खोल, आणि एक गुडघा वर घेतलेला. त्या गुडघ्याच्या जागी चादर चुरगळून खाली सारली होती. बाबा गेली कित्येक वर्षं असेच झोपत आले आहेत. दुखऱ्या गुडघ्याखाली पांघरुणाची घडी घेऊन, भिंतीकडे तोंड करून.

मी शेवटची सुई ओढली. त्याच क्षणी तो खळगा उताणा झाला.

यापेक्षा अचूक शब्द माझ्याकडे नाही. खांद्याचा खोल भाग सपाट झाला, पाठीचा रुंद खळगा पडला, आणि उशीवरचा दाब भिंतीकडून निघून माझ्या बाजूला आला. तिथे थांबला. चादरीतल्या सगळ्या सुया माझ्या दिशेनं कलल्या होत्या.

"चला, बाबा," मी म्हटलं. माझा आवाज मोठा झाला होता.

सुया काढलेला गादीवरचा माणूस माझा हात धरून उठला. गुडघ्याला हातही न लावता, तरुणासारखा. मी त्याला घेऊन दाराकडे चालू लागले. मागून काही ऐकू आलं का, असं परागनं नंतर विचारलं. बाहेर ट्रक चालले होते. मी मागे वळले नाही.

८

बाबा आता आमच्याकडे राहतात. आनंदात राहतात. खिडकीतून शेजारचं सैपाकघर दिसतं याबद्दल त्यांना काही म्हणायचं नसतं.

नरहरभाऊंनी सुया बंद केल्या आणि ते गोंदियाकडे बहिणीच्या गावी निघून गेले. समाजगृहाला कुलूप लागलं. ओळीतल्या इतर कोणाचीही तक्रार नाही. मी घरोघर जाऊन विचारलं. सगळ्यांनी बसा म्हटलं, चहा दिला. गोदावरीबाई आईच्या खाटेवर बसून म्हणाल्या, "येवढी काहून तणतण करून राह्यली वो? बाप बरा झाला तं पेढे वाटा लागते."

एका संध्याकाळी मी वरणात मुद्दाम मूठभर मीठ टाकलं. परागनं पहिलाच घास थुंकला. बाबांनी वाटी संपवली.

"कसं झालंय?" मी विचारलं.

"चांगलं झालं."

"खारट आहे, बाबा. तोंडात घेववत नाही. म्हणा ना, खारट आहे म्हणून. म्हणा, कौमे, सैपाक येत नसन तं शिकवाले काहून जाते कॉलेजात."

ते माझ्याकडे मायेनं पाहत राहिले. ती माया खोटी नव्हती, हे मला लिहायला हवं. पण तशा मायेनं ते दूधवाल्याकडेही पाहतात.

परागनं मला बाल्कनीत नेलं. "तुला नेमकं काय हवंय, कौमुदी? त्यांचा गुडघा पुन्हा दुखायला हवाय?"

"हो."

"त्यांनी रात्र रात्र जागायला हवंय? रडायला हवंय?"

"हो."

"आणि हे तू त्यांच्यासाठी म्हणतेयस."

मी आत जाऊन उरलेलं वरण मोरीत ओतलं. बाबांच्या रक्ताच्या तपासण्या निर्दोष आहेत. हृदयाचा आलेख निर्दोष आहे. हृदयतज्ज्ञांनी जुना आलेख नव्याशेजारी धरला आणि ते थट्टेनं म्हणाले, "मॅडम, ये तो किसी और का लग रहा है." मी इतकी संतापले की त्यांनी दोन्ही आलेख घाईनं फाइलमध्ये घातले.

बोटाला सुई टोचून रक्त काढतात तेव्हा बाबा हात मागे घेत नाहीत. तंत्रज्ञ त्यांचं कौतुक करतात.

९

काल दुपारी भैय्यालाल आला. महासमुंदकडच्या खेड्यातला माणूस. बीरगावात येऊन त्याला फार दिवस झालेले नाहीत. दारातच चपला काढून तो उभा राहिला. बाबा समोरच्या खुर्चीत बसून वाटाणे सोलत होते. त्यांना पाहून तो चपापला, मग माझ्याकडे वळला.

"दीदी, गद्दा सब उठा के धर दिया. आखरी वाला मैं नइ उठाऊँगा."

"क्यों?"

"गोल करने लगा तो कोई बोला."

"कौन?"

"अब वो मैं क्या जानूँ. हॉल में तो कोई नहीं था. दो दिन से बोलता है. आप लोग की बोली में बोलता है, मेरे को तो आती नहीं." त्यानं कपाळ पुसलं. "जैसा सुना, वैसा बोल दूँ?"

"बोलो."

त्यानं डोळे मिटले. अर्थ न कळणारा मंत्र पाठ म्हणावा तसं, एकेक अक्षर जपत, पण स्वर मात्र जसाच्या तसा उचलून, शेवट कुरकुरत ओढून तो म्हणाला:

"कौमे, मले घेतल्याबिगर काहून गेली वो?"

एका शेंगेतून वाटाणे निघून पातेल्यात पडले.

"इसका मतलब क्या हुआ, दीदी?" भैय्यालालनं विचारलं.

बाबांनी दुसरी शेंग उचलली, आणि मान वर न करता, प्रसन्नपणे त्याला सांगितलं, "कुछ नहीं, भैया. कोई अपनी बेटी को बुला रहा है."

भैय्यालालनं समाजगृहाची किल्ली टेबलावर ठेवली, आता तिकडे पाऊल टाकणार नाही म्हणाला, आणि चपला हातात घेऊनच जिना उतरला.

चौबे कॉलोनीतून बीरगावला रिक्षा सहज मिळते. किल्ली अजून टेबलावरच आहे.